उमरेडइतकंच पुणे

वामनराव हेडाऊंना कोणी अंतर विचारलं, तर ते किलोमीटरात कधीच सांगत नसत. उभा जन्म बसस्टँडवर वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत, माइकसमोर गेलेला. त्यांच्या मते किलोमीटर ही रस्त्याकडेच्या दगडांनी लक्षात ठेवायची गोष्ट. माणसानं लक्षात ठेवायचा तो रनिंग टाइम. उमरेड किती लांब? सव्वा तास. काटोल? दीड तास, फाटक लागलं तर देव जाणे. आता रिटायर होऊन नागपुरात टिमकीच्या घरी बसले तरी सवय गेली नव्हती. बायकोनं, म्हणजे जयवंताबाईंनी, दुकानातून जिरं आणायला सांगितलं की वामनराव चपला घालता घालता जाहीर करत, "जाऊन येऊन बारा मिनिटं."

तेव्हा त्यांच्या लेकीनं, काजलनं, स्वतःचं लग्न स्वतःच पुण्याच्या विक्रमशी ठरवलं आणि सगळं गोत तोंडाला पदर लावून बसलं, त्या दिवशी वामनरावांनी भर बैठकीत हात झटकून सांगून टाकलं, "पुणं म्हणजे काय गा? विमानानं सव्वा तास. उमरेडइतकंच!"

बोलून गेले. माणूस बोलून जातो आणि मग ते वाक्य त्याच्या मागे लागतं.

हे वाक्य खरं तर एकाच माणसासाठी होतं: त्यांची थोरली बहीण, उमरेडच्या वच्छलाबाई. आणि वच्छलाबाईंचं म्हणणं समजायचं तर हेडाऊंच्या घरचा रिवाज कळायला हवा. लेकीला सातवा महिना लागला की माहेरच्या चुलीवर पाटोडीचा रस्सा आणि ज्वारीची भाकर करायची, ती बापानं स्वतः घेऊन जायची, आणि पहिला घास लेकीनं ऊन ऊन खायचा. मध्ये दुसऱ्याच्या चुलीवर गरम करायचा नाही. आणि घास पोचल्याचा निरोप येईपर्यंत आईनं माहेरची चूल विझू द्यायची नाही. हा रिवाज कोणी काढला ते कोणालाच ठाऊक नाही, पण काढणारा मोठा वस्ताद असणार. कारण त्यापायी हेडाऊंच्या सगळ्या लेकी आपोआप तिथवरच दिल्या गेल्या जिथवर रस्स्याचा गंज, म्हणजे पातेलं, निवत नाही. उमरेड ही शेवटची हद्द. वच्छलाबाई त्या हद्दीवर दिलेल्या. त्यांच्या बापानं मागावरच्या सुताच्या लडींत गुंडाळलेला गंज बसमध्ये मांडीवर धरून नेला होता, आणि मांडी पोळल्याचा डाग तो म्हातारा मरेपर्यंत लोकांना धोतर वर करून दाखवायचा.

"पुण्याले देतं पोरगी," वच्छलाबाई त्या बैठकीत म्हणाल्या होत्या, "मंग घास कसा नेशीन गा?"

त्यावर वामनरावांनी दिलेलं उत्तर आपण ऐकलंच आहे.

दिवाळी झाली आणि काजलचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, सासूबाई बऱ्या आहेत म्हणाली, आणि मग एकदम आवाज बारीक करून म्हणाली, "बाबा, सातवा लागला. नाही जमलं तरी चालते हं. इथं असं कोणी करत नाही." लेक जेव्हा 'नाही जमलं तरी चालते' म्हणते, तेव्हा ते अजिबात चालत नसतं, एवढं वामनरावांना कळत होतं. ते छाती काढून म्हणाले, "काहून नाही जमणार? घास येईन. ऊन ऊन येईन." फोन ठेवल्यावर मात्र घटाघट तांब्याभर पाणी प्याले.

मुलगा वैभव याला त्यांनी मोबाइलवर शोधायला लावलं. नागपूर विमानतळ ते पुणे विमानतळ. मोबाइलनं दोन ओळी दिल्या. वरच्या ओळीत हवाई अंतर सहाशे किलोमीटरच्या वर. खालच्या ओळीत उडायचा वेळ सव्वा तास. वामनरावांनी वरच्या ओळीवर अंगठा ठेवला आणि खालची ओळ मोठ्यानं वाचली.

"पाह्य! मी म्हटलं नव्हतं? उमरेडइतकंच."

"बाबा, पण विमानतळावर दोन तास आधी जावं लागते," वैभव म्हणाला.

"दोन तास? काहून? विमानाले काय बैल जुपाचे हायेत? गाडी सुटायच्या दहा मिनिटं आधी माणूस फलाटावर असला म्हणजे पुष्कळ झालं."

आता मोहल्ल्यात एकच माणूस विमानात बसलेला. शेजारचे चंद्रभानजी. ते एकदा दिल्लीला गेले होते आणि तेव्हापासून आकाशाबद्दलचा कोणताही प्रश्न त्यांच्याकडेच जायचा, पाऊस कधी पडेल हासुद्धा. चंद्रभानजी ओट्यावर बसले, पाय हलवत म्हणाले, "वामनराव, वर गेल्यावर हवेचा दाब बदलते. गंजाचं झाकण टोपीसारखं उडन. कणकेनं लिंपा." हे जयवंताबाईंना पटलं. "आणि दुलईत गुंडाळा." हेही पटलं. "आणि लकडगंजातून थर्माकोलचा डबा आणा, त्यात गंज बसवा. आणि विमानवाल्या पोरीले हसून सांगा, ताई, हे इंजिनजवळ ठेवा." हे मात्र वामनरावांनी लिहून घेतलं, कारण त्यांना स्वतःला सुचलं नसतं.

तरी वच्छलाबाईंचं समाधान होईना. म्हणून वामनरावांनी तालीम करायचं ठरवलं. खात्यातला माणूस, नवी गाडी रस्त्यावर आणण्याआधी ट्रायल घेणारच. जयवंताबाईंनी रस्सा रांधला, झाकण लिंपलं, मागाच्या लडी, वर दुलई, वर थर्माकोल, आणि वामनराव ते सगळं मांडीवर घेऊन उमरेडच्या बसमध्ये बसले. बसमध्ये असा काही तर्रीचा वास सुटला की पुढच्या सीटवरचे दोघं घरी जेवून निघाल्याचं विसरले. कंडक्टर ओळखीचा निघाला. म्हणाला, "साहेब, कोणाकडे तेरवी हाये काय?" वामनरावांनी त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं त्या नजरेनं ते पूर्वी फलाटावर थुंकणाऱ्यांकडे पाहत.

उमरेडला वच्छलाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी दुलई बाजूला केली, गंजाला तळहात लावला, आणि झटक्यात मागे घेतला.

"ऊन हाये," त्या म्हणाल्या. नाइलाजानं म्हणाल्या, पण खोटं बोलणारी बाई नव्हती ती. आयुष्यात तिनं कोणाच्या फिक्या भाजीलाही बरी म्हटलेलं नव्हतं. "पण हे उमरेड हाये. मी संग येतो पुण्याले. तिथं गंजाले हात लावून मीच सांगीन."

झालं. तिकिटं दोन काढावी लागली.

ठरल्या दिवशी जयवंताबाईंनी पहाटेच रस्सा केला, भाकर फडक्यात बांधली. चूल आता गॅसची, पण रिवाज तो रिवाज. त्यांनी बर्नर बारीक करून वर पाण्याचं भांडं ठेवलं आणि स्टूल ओढून तिथंच बसल्या. "सव्वा तासाचीच तर गोष्ट हाये," वामनराव दारातून म्हणाले. जयवंताबाईंनी सिलिंडरला एकदा हलवून पाहिलं.

वैभवनं ओढाताण करून दोघांना सोनेगावच्या विमानतळावर वेळेत नेलं. काउंटरवरच्या मुलीला वामनरावांनी चंद्रभानजींच्या सांगण्याप्रमाणे हसून सांगितलं. ती जास्त छान हसली आणि म्हणाली, "काका, पातळ पदार्थ हातात नेता येत नाही. हे सामानात द्यावं लागेल."

"म्हणजे टपावर?" वामनराव दचकले.

"टपावर नाही काका, पोटात."

इंजिनजवळ ठेवा म्हणायला त्यांचा धीर झाला नाही. डब्याला चिकटपट्ट्या लागल्या. मागे वच्छलाबाईंच्या कमरेच्या पिशवीतून अडकित्ता निघाला. सुपारी कातरायचा, सासूच्या हातचा, पितळी. तोही आत नेता येणार नव्हता. "म्या काय डायवराची मान कापतो काय वं बाई?" वच्छलाबाई काउंटरवरच्या मुलीला म्हणाल्या. शेवटी अडकित्ताही डब्यात, दुलईच्या घडीत गेला, आणि तो डबा रबरी पट्ट्यावरून डुलत डुलत एका पडद्याच्या फटीत शिरला. वामनराव त्या फटीकडे पाहत राहिले. नवरीची गाडी वळणाआड गेल्यावरसुद्धा ते इतका वेळ उभे राहिले नव्हते.

मग तपासणी झाली, पट्टा काढा, चपला काढा, हात वर करा. चारचौघांच्या देखत पँट एका हातानं धरून उभं राहणं ही निवृत्त अधिकाऱ्यावर यायची वेळ नव्हे, पण आली. आणि एवढं करून आत जाऊन बसावं तर विमानाला उशीर! वामनराव तडक कर्मचाऱ्याकडे गेले. "गाडी फलाटाले लागली काय?"

"येतेच आहे सर. बसा तुम्ही."

येतेच आहे, बसा तुम्ही. हे वाक्य वामनरावांनी सबंध नोकरीत किती लोकांच्या तोंडावर फेकलं असेल! बाया, पोरं, बोचकी घेतलेल्या म्हाताऱ्या. ते कसं लागतं हे त्यांना आज कळलं. ते येऊन बसले. तोच जयवंताबाईंचा फोन.

"पोचले काय?"

"अजून निघालोच नाही."

"माय वं! गॅस चालू हाये ना!"

"चालू ठेव."

"अवो पण सव्वा तास म्हणत होते ना तुमी?"

"तो रनिंग टाइम हाये!" वामनराव ओरडले आणि आजूबाजूच्या चार माणसांनी मोबाइलमधून मान वर काढली. वच्छलाबाई सुपारीशिवाय तोंड हलवत बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "घर सोडून उमरेड झालं असतं इतक्यात. येऊन जेवणही झालं असतं."

अखेर विमान आलं. वच्छलाबाईंना खिडकी मिळाली, मध्ये वामनराव. विमान रांगत रांगत गेलं, थांबलं, आणि मग असं काही धावलं की वच्छलाबाईंनी भावाचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. आणि बघता बघता खालचं नागपूर तिरकं झालं. रस्ते, तलाव, झाडं, घरांच्या गच्च्यांवरच्या टाक्यांच्या काळ्या टिकल्या, सगळं खाली, दूर, आणि गप्प.

"वामन्या," वच्छलाबाई कुजबुजल्या, "आपन खरंच वर हाओ गा."

"हाव अक्का."

खाली शेतं लागली. कापसाची, तुरीची, तुकड्याला तुकडा जोडलेली. वच्छलाबाई काच सोडेनात. ज्या बाईनं जन्मभर मागावर धाग्याला धागा मोजला तिच्या तोंडून निघालं, "केवढं मोठं लुगडं विणलं गा देवानं! याचा काठ कुठी हाये?"

काठ कुठेच नव्हता. वामनराव वाकून बघत होते आणि त्यांचे ओठ आपोआप हलू लागले. रोज संध्याकाळी माइक हातात घेऊन म्हटलेलं ते सारं. नागपूरहून पुण्याला जाणारी गाडी, अमरावती, कारंजा, मेहकर, जालना, संभाजीनगर, नगर मार्गे. इतकी वर्षं ही नावं एका दमात म्हटली, ओवीसारखी. स्वतः त्या गाडीत ते कधी बसले नव्हते. सुट्टी मिळाली की उमरेड, फार तर रामटेक. त्यांना वाटायचं नावं आहेत, म्हटली की संपली. आणि आता ती नावं खाली खरोखरची पसरली होती. हे कारंजा असेल काय? विमान चाललंच आहे. हा डोंगर मेहकरच्या अलीकडचा की पलीकडचा? चाललंच आहे. दोन नावांच्या मध्ये ते माइकवर श्वासही घेत नसत, त्या जागेत एवढी गावं होती, नद्या होत्या, एवढे लोक भाकरी खात होते. बाप्पा! केवढं हे सगळं! आणि हे एवढं सगळं ओलांडून आपली पोर एकटी राहते, आणि फोनवर म्हणते नाही जमलं तरी चालते.

त्यांना मोबाइलमधली ती वरची ओळ आठवली. अंगठ्याखाली झाकलेली.

तेवढ्यात वैमानिकाचा आवाज आला. आपण अमुक इतक्या उंचीवर आहोत, बाहेरचं तापमान उणे चाळीस अंश आहे, प्रवासाचा आनंद घ्या.

"काय म्हणला तो?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"आनंद घ्या म्हणला," वामनराव म्हणाले. उणे चाळीस! त्यांच्या डोळ्यांपुढे विमानाच्या पोटातला तो डबा आला. लडी कसल्या, दुलई कसली, कणीक कसली! तिथं हिमालय गारठला असता. बैठकीतलं स्वतःचं वाक्य त्यांना आता कानाशी डासासारखं ऐकू येत होतं. उमरेडइतकंच. उमरेडइतकंच. सव्वा तासात माणूस पोचतो. घास पोचत नाही.

त्यांनी बहिणीकडे चोरून पाहिलं. आता टोमणा येणार म्हणून मान खाली घातली. पण वच्छलाबाई खिडकीतून वळल्याच नव्हत्या. काचेवर त्यांच्या श्वासाचं धुकं झालं होतं, ते त्या पदरानं पुसत होत्या आणि पुन्हा बघत होत्या.

"लय दूर देल्ली गा पोरीले," त्या हळूच म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता. वामनरावांना वाटलं, तो असता तर बरं झालं असतं.

पुण्याच्या पट्ट्यावर डबा आला तो आडवा. वामनरावांनी त्यावर झडप घातली. विक्रम गाडी घेऊन आला होता. नमस्कार झाले, रस्ता तुंबलेला, सिग्नलमागून सिग्नल. वामनरावांनी मागच्या सीटवर डब्याचं झाकण उचकटलं, दुलईत हात घातला, अडकित्त्याला बोट लागलं, आणि मग गंजाला. माठ बरा असा गार! त्यांनी हात काढून घेतला आणि शेजारी बसलेल्या वच्छलाबाईंकडे बघायचं टाळलं. आयुष्यात एकदासुद्धा गाडी लेट असताना त्यांनी वेळेवर आहे असं सांगितलं नव्हतं. आज लेकीसमोर काय सांगणार होते?

मध्ये जयवंताबाईंचे दोन फोन येऊन गेले. पहिल्यात म्हणाल्या सिलिंडर बारीक आवाज करतंय. दुसऱ्यात म्हणाल्या की चंद्रभानजींच्या घरून भरलेलं सिलिंडर आणून ठेवलंय आणि चंद्रभानजी स्वतःही येऊन चुलीसमोर बसलेत.

काजलनं दार उघडलं. पोट घेऊन, हिरवी साडी नेसून, केसात गजरा. पाट मांडलेला, भोवती रांगोळी. ती बापाकडे पाहण्याआधी डब्याकडे पाहून हसली, मग एकदम रडायलाच लागली. सासूबाई भल्या बाई. त्यांनी गंज पाहिला आणि म्हणाल्या, "इतक्या लांबून आणलंत! निवला असेल हो. आत मायक्रोवेव्हमध्ये अर्धा मिनिट फिरवते."

काजलनं बापाकडे पाहिलं. वामनरावांनी तोंड उघडलं. सांगून टाकावं, पोरी, तुझा बाप चुकला, पुणं उमरेडइतकं नाही, पुणं पुण्याइतकंच आहे.

"थांबा," वच्छलाबाई म्हणाल्या.

त्या खाली बसल्या. अडकित्त्याच्या टोकानं कणीक फोडली, झाकण काढलं. वर तर्री थिजून लाल साय धरली होती, ती सगळ्यांना दिसत होती. वच्छलाबाईंनी गंजाला पुरता तळहात लावला, जसा उमरेडच्या दारात लावला होता. खोलीत कोणी हललं नाही. वामनरावांनी डोळे मिटून घेतले.

"माय वं!" वच्छलाबाईंनी हात झटकला आणि पदरात दाबून धरला. "हात पोळला ना माहा! ऊन हाये गा वामन्या. उमरेडले होता त्याहून ऊन हाये."

वामनरावांनी डोळे उघडले. अक्का त्यांच्याकडे अशी रोखून पाहत होती की बोललास तर खबरदार. विक्रमचं बोट गंजाकडे निघालं होतं, त्याच्या आईनं ते मध्येच धरलं. पुण्याची असली तरी बाई शहाणी.

वामनरावांनी भाकरीचा तुकडा मोडला, रस्स्यात बुडवला, त्यावर पाटोडीचा कोपरा ठेवला आणि लेकीपुढे धरला. काजलनं तो घास पाहिला. त्याच्यावरची तर्री हलतसुद्धा नव्हती. तिनं आत्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, मग ओठांचा चंबू केला आणि घासावर फुंकर मारली. एकदा मारली, पुन्हा मारली, लहानपणी मारायची तशी. आणि तोंडात घेतला. जयवंताबाईंच्या हातचं तिखट. क्षणात डोळ्यांतून धारा लागल्या, आणि त्यातल्या किती तिखटाच्या हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

वामनरावांचा फोन वाजत होता. त्यांना तो खिशातून काढता येईना. वच्छलाबाईंनीच हात घालून तो ओढला आणि उलटा धरून, नागपूरपर्यंत फोनशिवायच ऐकू जावं अशा आवाजात ओरडल्या, "जयवंता! गॅस बंद कर वं. ऊन ऊन पोचला."